हळदीचा दाखला

नववीच्या वर्गात उर्दूच्या तासाला एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, मराठी आली तर तलाठ्याच्या परीक्षेला बसता येतं. इंग्रजी आली तर मोबाइलच्या दुकानात नोकरी मिळते. उर्दू शिकून काय मिळतं?"

वर्ग हसला. मीही हसलो. बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवतात, असल्या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत. गालिबचं नाव घेऊन मी वेळ मारून नेली. घरी आलो तर बायको बोटावर हळद दाबून उभी. भाजी चिरताना विळी लागली होती. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्या हळदीच्या डब्यात होतं. पण ते जरा लांबचं आहे. सांगलीहून निघून अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जातं आणि वाटेत साताऱ्याला दोनदा मुक्काम करतं. मुलाला तासाभरात सांगता आलं नसतं, म्हणून इथे सांगतो.

सांगलीकराला हळद समजावून सांगण्याची गरज नाही. माझे मामू पेठेत हमाली करायचे. त्यांच्या सदऱ्याचा मूळ रंग कोणता, हे मामीलाही ठाऊक नव्हतं. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला असलो की मामू हरिपूरला न्यायचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीखाली पेवं होती. अरुंद तोंड, खाली रांजणासारखं मोठं पोट. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस सोडायचा. ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते. ती मामूंना त्यांच्या मुकादमाने शिकवली आणि मुकादमाला त्याच्या बापाने. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं गिळली. त्यांच्याबरोबर ही विद्याही जवळजवळ गेली.

आता अमेरिकेकडे वळू.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट मंजूर केलं. हक्क मिळाला मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. शोध काय, तर हळदीची पूड पोटात घेतली किंवा जखमेवर लावली तर जखम भरून येते.

माझी दादी तेव्हा हयात होती. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. मी विटीदांडू खेळताना पडलो, की दादी गुडघ्यावर हळद दाबायची आणि म्हणायची, "कुछ नै होता रे, हल्दी दाबी ना मैं." हा शोध तिने माझ्या एकट्यावर किमान पन्नास वेळा लावला असेल. पेटंट अमेरिकेपुरतंच होतं म्हणून दादी वाचली. तिचा नातू न्यू जर्सीत पडला असता आणि दादीने तिथे जाऊन हळद दाबली असती, तर कायद्याच्या भाषेत ती विद्यापीठाच्या मालमत्तेत घुसखोरी ठरली असती.

गोरा साहेब आला आणि आमची हळद चोरून घेऊन गेला, असं सांगितलं की आपल्याला बरं वाटतं. या गोष्टीत ते सुख नाही. ज्या दोन संशोधकांच्या नावावर तो 'शोध' होता, ते दोघेही मूळचे भारतीय. त्यांच्याही घरी कोणीतरी हळद दाबलीच असेल. आणि हक्क घेणारी होती एक सरकारी विद्यापीठ. १९८० मध्ये अमेरिकेने बे-डोल नावाचा कायदा केला आणि सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची पेटंटं स्वतःकडे ठेवण्याची मुभा विद्यापीठांना दिली. तेव्हापासून तिथली विद्यापीठं कंपन्यांसारखा विचार करायला लागली. ज्ञान म्हणजे दुकानातला माल, आणि माल म्हटला की त्यावर मालकाचं लेबल हवं.

पण पेटंट तर नव्या गोष्टीचं मिळतं. हळद नवी कशी ठरली? याचं उत्तर अमेरिकेच्या तेव्हाच्या पेटंट कायद्यात आहे. एखादी गोष्ट अमेरिकेत कोणाला आधीपासून माहीत असेल किंवा तिथे वापरात असेल, तर ती जुनी. तीच गोष्ट परदेशात माहीत असेल, तर मात्र ती छापील मजकुरात किंवा पेटंटात असली पाहिजे. म्हणजे ओहायोतल्या एखाद्या म्हातारीने तोंडी सांगितलेला उपाय हा पुरावा होऊ शकत होता. भारतातल्या कोट्यवधी म्हाताऱ्या रोज जे करत होत्या, ते छापून आलेलं नसेल तर घडलेलंच नव्हतं! अमेरिकेची हद्द ओलांडली की माणसाच्या माहितीला कागद लागत असे.

आपल्याकडच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने हे आव्हान स्वीकारलं. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये फेरतपासणीचा अर्ज गेला. अर्जासोबत बत्तीस संदर्भ जोडले होते. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख होता. काही ग्रंथ शंभर वर्षांहून जुने होते. ते संस्कृतमध्ये होते, हिंदीत होते आणि उर्दूत होते.

उर्दू हा शब्द इथे मी मुद्दाम सावकाश लिहितो आहे. युनानी हकिमांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले नुस्खे उर्दूत लिहून छापले. ती पुस्तकं जुन्या बाजारात किलोवर विकली जातात, वाळवी त्यांच्यावर जगते. अमेरिकेने सांगलीच्या हळदीला दाखला मागितला, तेव्हा साक्षीदारांच्या रांगेत या भाषेतलीही पानं उभी राहिली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेटंट कार्यालयाने मान्य केलं की यात नवं काही नाही, आणि पेटंट रद्द ठरवलं. मामूंनी मराठी पेपरात ही बातमी वाचली आणि मला विचारलं, "हळद अमेरिकेची झाली कधी होती, की आता परत मिळाली म्हणून पेढे वाटायचे?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

ज्या मिसिसिपीने हळदीवर हक्क सांगितला, त्या राज्याचं स्वतःचं दप्तर काय सांगतं, तेही बघितलं पाहिजे.

अमेरिकेत गुलामगिरी बंद झाली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. आवश्यक तेवढ्या राज्यांनी मान्यता दिली आणि डिसेंबरात ती देशभर लागू झाली. मिसिसिपीने मात्र त्याच डिसेंबरात ती फेटाळली. १८६० च्या खानेसुमारीत या राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. माणसं हातची गेली आणि भरपाई मिळाली नाही, याचा मालकांना राग होता असं सांगतात. पुढे सगळ्या राज्यांनी यथावकाश मान्यता दिली, मिसिसिपी राहिलं. शेवटी तिथल्या विधिमंडळाने गुलामगिरी नको असा ठराव केला. तारीख होती १६ मार्च १९९५.

तारीख पुन्हा वाचा. त्याच महिन्यात, बारा दिवसांनी, त्या राज्याच्या विद्यापीठाला हळदीचं पेटंट मिळालं. गुलामगिरी वाईट आहे हे समजायला एकशे तीस वर्षं, आणि हळद आपली आहे हे समजायला अर्ज केल्यापासून सव्वा वर्ष!

पुढे आणखी गंमत आहे. ठराव झाला, पण त्याचा कागद वॉशिंग्टनच्या संबंधित कार्यालयात कोणी पाठवलाच नाही. कागद नाही म्हणजे मान्यता नाही. अठरा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. २०१२ मध्ये लिंकनवरचा सिनेमा पाहून एका प्राध्यापकाने उत्सुकतेने इंटरनेटवर शोधाशोध केली, तेव्हा ही चूक उघडकीला आली. मग कागद गेला आणि ७ फेब्रुवारी २०१३ रोजी मिसिसिपीची नोंद अधिकृत झाली. त्या प्राध्यापकांचं नाव रंजन बत्रा. भारतातून तिकडे गेलेले. आणि नोकरी कुठे, तर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात. तेच हळदीवालं केंद्र! एखाद्या कथेत मी हे लिहिलं असतं तर संपादकाने 'अतिशयोक्ती टाळा' असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

आता साताऱ्याचा पहिला मुक्काम.

खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला. पुण्यात बसून, इंग्रजांच्या राज्यात, एक माळी समाजातला माणूस अटलांटिकपलीकडच्या माणसांना सलाम करतो, आणि त्या सलामातून शेजारच्या भटजीबोवांना चिमटा काढतो की तुम्ही आपल्या देशबांधवांसाठी हे कधी करणार? धोंडीबा आणि जोतीबा यांच्या संवादातलं ते सगळं पुस्तकच असं हसवत हसवत कातडी सोलतं.

जोतीराव अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा मिसिसिपीत खरोखरच काहीतरी नवं घडत होतं. हायरम रेव्हल्स हा अमेरिकेच्या सिनेटमधला पहिला काळा सदस्य १८७० मध्ये याच राज्यातून गेला होता. पण दोनच वर्षांनी, १८७५ च्या निवडणुकीत, बंदुका आणि धाकदपटशाने काळ्या मतदारांना घरी बसवण्यात आलं. १८९० मध्ये राज्याने नवी घटना केली आणि मतदाराला परीक्षा लावली. घटनेतलं एखादं कलम वाचून दाखवायचं, किंवा ऐकून त्याचा 'वाजवी' अर्थ सांगायचा. वाजवी काय ते समोरचा गोरा कारकून ठरवणार. मी वीस वर्षं पेपर तपासतोय. उत्तर न बघता, तोंड बघून गुण द्यायची ही पद्धत मला फार सोयीची वाटते. ती १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत चालू राहिली. आणि १९६२ मध्ये याच मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ नावाच्या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून द्यायला राष्ट्राध्यक्ष केनेडींना सैन्य पाठवावं लागलं. दंगलीत दोन माणसं मेली. मेरेडिथ हवाई दलात नोकरी करून आलेला होता. ज्या विद्यापीठाला काळं पोर वर्गात चालत नव्हतं, त्याला तेहतीस वर्षांनी आमच्या दादीची पिवळी पूड चालली. पूड बाकावर बसत नाही ना.

जोतीरावांचा सलाम वाया गेला का? मला तसं वाटत नाही. त्यांनी अमेरिकेच्या सरकारला पुस्तक अर्पण केलं नव्हतं, तिथल्या भल्या लोकांना केलं होतं. असल्या भल्या लोकांपैकी एक साताऱ्याच्या कामी आला होता, तोही जोतीरावांच्या आधी तीसेक वर्षं. हा साताऱ्याचा दुसरा मुक्काम.

१८१९ च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं, त्यांना आणि त्यांच्या वारसांना, कायमचं. १८३९ मध्ये कंपनीने महाराजांवर कटाचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते कागदपत्रांची बोचकी घेऊन लंडनला गेले. तिथे कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्यासाठी जो इंग्रज घसा कोरडा करत होता, त्याचं नाव जॉर्ज थॉम्प्सन. गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत तो अमेरिकेत फिरला होता आणि १८३५ मध्ये बोस्टनच्या संतप्त जमावामुळे त्याला तो देश सोडावा लागला होता. गुलामांचा वकील साताऱ्याचाही वकील झाला. त्याला दोन्हीकडे एकच मालक दिसत असावा.

पण ऐकणारे होते भागधारक. १८३३ च्या कायद्याने त्यांना दरसाल साडेदहा टक्के नफा ठरवून दिला होता, आणि तो द्यायचा होता हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे आमच्या शेतसाऱ्यातून ज्याचा खिसा भरतो, त्याच्याच दारात आम्ही न्याय मागत होतो. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ च्या एप्रिलमध्ये गेले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने विचारलं की वारस म्हणजे दत्तक, असं तहात कुठे लिहिलंय? आणि राज्य खालसा झालं. कलम वाचायचं आम्ही, अर्थ वाजवी की गैरवाजवी ते ठरवणार साहेब. मिसिसिपीच्या कारकुनाने ही विद्या १८९० मध्ये शोधली असं कोणाला वाटत असेल, तर त्याचं पेटंट रद्द करायला आमच्याकडे साताऱ्याचा संदर्भ आहे.

रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनमध्ये अर्ज करत राहिले. रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली, आणि ते स्वतः नाहीसे झाले ते कायमचे. इतका कागद जवळ असलेला माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

म्हणून कागद असला की न्याय मिळतोच, अशा भ्रमात मी नाही. तरीही कागद नसला की काय होतं, ते मी रोज शाळेच्या कार्यालयाबाहेर बघतो. कोणी मुलाणी येतो, त्याच्या दाखल्यावर 'मुल्लाणी' असतं आणि आधारवर 'मुलानी'. कोणा आजीच्या जन्माची नोंदच नसते. माझ्या दादीचीही नव्हती. ती वय सांगताना म्हणायची, "पत्री सरकारच्या टायमाला मी दहा-बाराची होते." एकाच माणसाची तीन नावं कशी, याचा खुलासा लिहून देताना लोकांचे हात थरथरतात, ते मला दिसतं. पूर्वी लोक दाखला न्यायला यायचे तेव्हा पोराच्या पुढच्या शाळेचं बोलायचे. आता दबक्या आवाजात विचारतात, "सर, एवढ्यावर भागेल ना?"

अमेरिकेतही हाच काळ आहे. २०१३ हे साल तिथे मोठं गमतीचं गेलं. फेब्रुवारीत मिसिसिपीची गुलामगिरीबंदी अधिकृत झाली. मार्चमध्ये पेटंट कायद्यातला तो भेद गेला आणि परदेशातल्या तोंडी माहितीलाही किंमत आली. दोन्ही चांगल्या गोष्टी. मग जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्याचे दात काढले. तोवर मिसिसिपीसारख्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागत असे, ती अट निकामी झाली. पुढच्याच वर्षी मिसिसिपीत मतदाराला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं. ज्या राज्याला स्वतःचा एक कागद पोस्टात टाकायला अठरा वर्षं लागली, ते आता म्हाताऱ्या मतदाराला विचारतं, तुझा कागद कुठे?

आपल्या अंगणातही जरा पाहू. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान वाटला. पण वखारीत दिवसभर हळकुंडं निवडणाऱ्या बायांची हजेरी आणि मजुरी कोणत्या वहीत असते, हे आपण विचारत नाही. जोतीराव हेच विचारत होते की लेखणी कोणाच्या हातात आणि घाम कोणाचा. हळदीच्या लढ्यानंतर २००१ पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांतले चार लाखांहून जास्त नुस्खे त्यात नोंदले गेले, म्हणजे पुन्हा कोणी हळदीवर हक्क सांगायला आला तर पुरावा हाताशी असेल. फार मोलाचं काम. त्यात माझ्या दादीचं नाव नाही, कारण ती कुठल्याच ग्रंथात नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी ही गोष्ट थोडक्यात सांगितली. मग सगळ्या वर्गाला काम दिलं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक उपाय किंवा एक आठवण लिहून आणायची. सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय आणि आजची तारीख वर घालायची. उर्दूत लिहा किंवा मराठीत, पण लिहा.

चार दिवसांनी तोच मुलगा वही घेऊन आला. खोकल्यावर हळद आणि गूळ, असं नानीने सांगितलेलं त्याने वाकड्यातिकड्या उर्दूत लिहिलं होतं. वयाची जागा रिकामी होती.

"सर, नानीला वय माहीत नाही."

"मग तिला विचार, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती केवढी होती."

तो संध्याकाळी घरी जाऊन विचारून आला. सकाळी त्याने लिहून दाखवलं: भूकंपाच्या रात्री नानी तिच्या आईच्या कडेवर होती. मी खाली सही केली आणि तारीख घातली.